पंख्याला दोष देण्याआधी

डेस्कटॉप गरम होऊन आपोआप बंद पडतो, ही तक्रार नवीन पनवेलच्या खांदा कॉलनीत मार्च सरता सरता सुरू होते आणि पहिल्या मोठ्या पावसापर्यंत चालते. पावसाळ्यात थोडी ओसरते, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा डोके वर काढते. तक्रार घेऊन येणारा निदानही सोबतच आणतो: "पंखा गेलाय, बदलून द्या." पंखा बदलला जातो. चार दिवस बरे जातात आणि मग तोच डबा त्याच टेबलाखाली तसाच बंद पडतो. ही पुस्तिका त्या चार दिवसांनंतरच्या वाचकासाठी लिहिली आहे.

तिचे म्हणणे थोडक्यात असे. कॉम्प्युटरमधली उष्णता एका ठरलेल्या वाटेने बाहेर पडते. चिपमधून तिच्यावर लावलेल्या पेस्टमध्ये, पेस्टमधून हीटसिंकमध्ये, हीटसिंकच्या पात्यांवरून हवेत, ती हवा डब्याबाहेर आणि शेवटी खोलीबाहेर. या वाटेवर पंखा हा एक टप्पा आहे, तोही मधलाच. पण तो दिसतो, ऐकू येतो आणि बाजारात सुटा मिळतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो. वाट नेमकी कुठे तुंबली आहे हे शोधायचे असेल तर सुरुवात एका टोकापासून करून दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते. मधूनच कुठेतरी हात घालणाऱ्याला कधीकधी यश येते, पण त्याला ते का आले हे कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा दुकानाच्या पायरीवर असतो.

आधी थोडे गणित, कारण त्याच्याशिवाय "हिवाळ्यात तर व्यवस्थित चालत होता" या वाक्याचा अर्थ लागत नाही. प्रोसेसर जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. 65 वॉटचा प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये तयार होत असते. प्रोसेसरबरोबर येणारा साधा हीटसिंक चांगल्या स्थितीत असेल तर दर वॉटमागे तापमान साधारण अर्धा अंश चढते असे धरू. म्हणजे 65 वॉटना 33 अंश. हे 33 अंश कशावर चढतात? खोलीच्या तापमानावर. एसी लावलेल्या 24 अंशांच्या ऑफिसात प्रोसेसर 57 वर राहील. मे महिन्यात दुपारी सर्वांत वरच्या मजल्यावरच्या 36 अंशांच्या खोलीत तोच 69 वर जाईल. इथपर्यंत काहीही बिघडलेले नाही.

आता हीटसिंकमध्ये धूळ बसली आणि अर्ध्याऐवजी दर वॉटमागे 0.9 अंश चढू लागले असे समजा. चढ झाला साडेअठ्ठावन्न अंशांचा. जानेवारीत 26 अंशांच्या खोलीत हा प्रोसेसर 84 ते 85 वर चालतो. पंखा थोडा जास्त ओरडतो, पण काम होते आणि कोणाचे लक्ष जात नाही. मे महिन्यात तोच 94 ते 95 वर जातो. आणि कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात असेल तर त्याच्यासाठी खोली 36 अंशांची नसतेच. खणातली हवा सहज 44 पर्यंत तापते आणि बेरीज 100 च्या पुढे जाते. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते, म्हणून मशीन आधी मंदावते, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. बिघाड जानेवारीतही तेवढाच होता. उन्हाळ्याने तो फक्त उघड केला.

या गणितातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्या मशीनचे थोडे वेगळे येतील. पण बेरजेची रीत तीच राहते, आणि तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: या बेरजेत आपल्या गावाचा हिस्सा मोठा आहे. यंत्राबरोबर येणारी माहितीपत्रके हा हिस्सा सांगत नाहीत. ती कोरड्या, थंड, मोठ्या खोल्यांच्या देशांत लिहिली जातात.

म्हणून खांदा कॉलनीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. नवीन पनवेलचा हा पश्चिमेकडचा भाग सिडकोने सेक्टर पाडून वसवला. खांदेश्वराचे मंदिर आणि तलाव इथे आधीपासूनचे, रेल्वे स्टेशनने नाव त्यांच्यावरूनच घेतले. सायन-पनवेल महामार्ग जवळ, त्याच्या पलीकडे कळंबोलीचा लोखंडाचा बाजार आणि तिथे अहोरात्र येणारे-जाणारे ट्रक. गेल्या काही वर्षांत आसपास जे जे बांधले गेले त्याची यादी केली तरी छातीत धूळ बसेल. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, महामार्ग रुंद झाला, करंजाडेपासून तळोज्यापर्यंत टॉवर उभे राहिले, आणि कॉलनीतल्याच जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे काम आता दारात आले आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. धुळीचे अजून झालेले नाही, ती आधीपासूनच सेवेत रुजू आहे.

पण नुसती बांधकामाची धूळ ही तक्रारीची अर्धीच बाजू आहे. कोरडी धूळ फुंकरीने उडते. इथली उडत नाही. इथे वर्षातले चार महिने हवा ओलसर असते, आणि सिडकोच्या लहान घरांत कॉम्प्युटरची जागा बहुधा हॉलच्या त्या कोपऱ्यात असते जिथून स्वयंपाकघराचे दार दिसते. फोडणीची वाफ, संध्याकाळची अगरबत्ती, रात्री डासांसाठी लावलेली कॉइल, हे सगळे दिवसभर पंख्यामार्फत डब्यातून फिरते. तेलाचा सूक्ष्म थर आधी पात्यांवर बसतो, त्यावर सिमेंटची धूळ, मग काजळी, आणि पावसाळ्यात दमट हवा त्याचा लगदा करते. ऑक्टोबरमध्ये तो वाळून कडक होतो. परदेशी पुस्तकांत सांगितलेला दाबलेल्या हवेचा डबा यापुढे हात टेकतो. आपल्याकडच्या दुकानातला ब्लोअर सुटी धूळ उडवतो, पण चिकटलेली तशीच ठेवतो. तिला रंगाचा मऊ ब्रश लागतो, संयम लागतो, आणि हीटसिंकवरून पंखा उतरवावा लागतो.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते घरगुती साफसफाईतली सर्वांत मोठी फसगत इथे होते. डब्याची बाजू उघडून पाहिले की पंख्याची पाती दिसतात. ती पुसली की स्वच्छ दिसतात. माणसाचे समाधान होते. खरा थर मात्र पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडावर, चकतीसारखा जमलेला असतो आणि वरून तो अजिबात दिसत नाही. वरचा पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, हवा मात्र खाली शिरतच नाही. अशा मशीनला नवा पंखा लावला तर तो नवा पंखा त्याच चकतीवर हवा आपटतो. सुरुवातीला जे "चार दिवस" म्हटले ते इथून येतात: जुना उतरवताना थोडी धूळ सांडते, तेवढ्यापुरता फरक पडतो.

धुळीखेरीज आणखी काही रहिवासी असतात. कोकणात उबदार, अंधारी, कोणी न उघडणारी जागा म्हटली की तिथे पाल येणार, झुरळे येणार. मागच्या बाजूची एखादी पट्टी कार्ड काढताना उघडी राहिली असेल तर मुंग्यांची रांगही येते. पंखा अचानक थांबला आणि हाताने फिरवला तरी अडतो, तर बेअरिंगला दोष देण्याआधी आत डोकावून पाहावे. हे वाचून हसू येईल, पण दुरुस्ती करणाऱ्या कोणालाही विचारा.

यंत्रांच्या बाजूने पाहिले तर उष्णतेचा हा प्रश्न कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 च्या सुमारास कामाला लागलेल्या, आणि 1962 मध्ये 'टिफ्रॅक' हे नाव मिळालेल्या देशी बनावटीच्या कॉम्प्युटरमध्ये सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब होत्या. प्रत्येक ट्यूबमध्ये तापलेली तार. त्या काळात यंत्र थंड ठेवणे हा यंत्र चालवण्याचाच भाग होता, त्याचे आश्चर्य कोणाला वाटत नसे. घरगुती कॉम्प्युटर आले तेव्हा मात्र हा प्रश्न काही वर्षे विसरता आला. 386 हा प्रोसेसर उघडाबोडका बसत असे, त्याच्यावर ना हीटसिंक ना पंखा. 486 च्या वेगवान आवृत्त्यांना हीटसिंक लागू लागला, 1993 मध्ये पेंटियम आला आणि प्रोसेसरवरचा पंखा ही रोजची गोष्ट झाली. 2004 च्या पेंटियम 4 पर्यंत येता येता आकडा 115 वॉटपर्यंत गेला. तिथे कंपनीलाच उमजले की ही वाट पुढे जात नाही. 2006 च्या कोअर 2 डुओने तो पुन्हा 65 वर आणला.

याच काळात आपल्याकडे घरोघरी कॉम्प्युटर आले. हार्बर लोकल 1998 मध्ये पनवेलपर्यंत पोचली होती, 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, आणि एमएस-सीआयटीचे वर्ग नोकरीच्या अर्जाइतके आवश्यक झाले. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले कॉम्प्युटर लोकलच्या लगेजच्या डब्यातून इकडे येत. त्यांच्याबरोबर आले ते कॉम्प्युटर टेबल: वर मॉनिटर, मध्ये सरकता कीबोर्ड, खाली कॅबिनेटसाठी खण, खणाला दार, आणि मागे प्लायवूडची फळी. दिसायला नीटनेटके, पण उष्णतेच्या दृष्टीने याहून वाईट फर्निचर बनवणे अवघड आहे. मागून निघालेली गरम हवा फळीवर आपटते, वळून पुढे येते आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत ओढली जाते. डबा स्वतःचाच उच्छ्वास घेत बसतो. ज्यांच्या घरी हे टेबल अजून आहे त्यांना माझी पहिली सूचना सुताराची आहे: मागची फळी काढून टाका. त्यानंतर पाहू पंख्याचे.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणात कसा सोडवतात हे पाहायला दूर जावे लागत नाही. पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत जुलै 2020 मध्ये 'योट्टा एनएम1' हे डेटा सेंटर सुरू झाले, 7,200 रॅक मावतील एवढे. अशा इमारतींत सर्व्हरच्या रांगा तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून ठेवण्याची पद्धत असते. एका गल्लीत फक्त थंड हवा, दुसऱ्या गल्लीत फक्त गरम, आणि दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही. कोट्यवधी रुपयांच्या त्या व्यवस्थेतला हा मूळ नियम तुमच्या टेबलाच्या खणाला जसाच्या तसा लागू होतो, आणि तिथे तो पाळायला एक करवत पुरते.

आता निदानाकडे. पुस्तिकेचा मोठा भाग त्यावर आहे, इथे तिचा रोख सांगतो. पहिली पाहायची गोष्ट म्हणजे वेळ. मशीन सुरू केल्यापासून किती वेळाने बंद पडते? काही सेकंदांत किंवा मिनिटभरात बंद पडत असेल तर हीटसिंक चिपला नीट टेकलेलाच नाही असा संशय घ्यावा, किंवा मग दोष उष्णतेचा नाहीच. दहा-वीस मिनिटांनी, आणि व्हिडिओ किंवा गेम सुरू केल्यावर लवकर, असे असेल तर हवा अडली आहे. कधी दोन मिनिटांत, कधी दोन तासांत, कशाचा कशाला मेळ नाही, असे असेल तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारी पेटी), रॅम किंवा घरातल्या विजेकडे वळावे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर 41' ही नोंद सापडते. ती फक्त एवढेच सांगते की मशीन रीतसर बंद झाले नव्हते. ती उष्णतेचा पुरावा नाही, जरी अनेक जण ती तशी वाचतात.

दुसरी गोष्ट आकडा. बायोसमध्ये 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा 'पीसी हेल्थ' नावाच्या पानावर प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. विंडोजमध्ये त्यासाठी फुकट मिळणारी छोटी सॉफ्टवेअर आहेत. आकडा न पाहता केलेली दुरुस्ती म्हणजे थर्मामीटर न लावता दिलेले तापाचे औषध, असे कोणी म्हणेल. मी इतका कडक नाही. ज्याचा डबा कित्येक महिने कोणी उघडलेला नाही त्याने आधी साफ करावा, आकडा मग पाहावा. पण पंखा विकत घेण्याआधी तरी पाहाच.

तिसरी कसोटी मला सर्वांत आवडते, कारण तिला काहीच खर्च नाही. मशीन तापल्यावर आकडा टिपून घ्या, डब्याची बाजूची पत्र्याची झडप काढा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. आकडा आठ-दहा अंश उतरला तर दोष डब्यात हवा खेळण्याचा आहे: पुढची जाळी, मागचा पंखा, टेबलाचा खण. अजिबात उतरला नाही तर दोष आत आहे. मग मशीन बंद करा, प्लग काढा, आणि लगेच हीटसिंकला बोट लावून पाहा. तो चटका देण्याइतका गरम असेल तर चिपची उष्णता त्याच्यापर्यंत पोचते आहे, पुढे जात नाही. पाती धुळीने भरली आहेत किंवा पंखा मंद आहे. आणि आकडा 95 दाखवत असताना हीटसिंक कोमट असेल तर उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंकचा एखादा पाय सुटला आहे. एका बोटाने वाटेचे दोन तुकडे करून दोष कोणत्या तुकड्यात आहे ते कळते. इथपर्यंत आलात तर अर्ध्याहून अधिक दुरुस्ती झाली.

बाजू उघडल्याने फरक पडतो हे कळल्यावर ती कायमची उघडी ठेवून शेजारी टेबल फॅन लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मीही तेच सांगेन. कायमचा उपाय म्हणून ते चुकीचे आहे. डब्याची रचना पुढून हवा घेऊन मागे सोडण्याची असते. बाजू उघडली की पुढच्या पंख्याची ओढ संपते, हार्ड डिस्कवरून जाणारा झोत थांबतो, आणि धूळ-पालींना महाद्वार मिळते.

पायांचा उल्लेख आला त्याविषयी दोन शब्द. 2004 मध्ये इंटेलने 775 सॉकेट आणले, आणि तेव्हापासून बरीच वर्षे त्यांच्या हीटसिंकला मदरबोर्डवर धरून ठेवण्याचे काम चार प्लॅस्टिकच्या पायांनी केले. दाबले की 'टक' वाजते. चारांपैकी तीन वाजले आणि चौथा नुसता टेकला, असे वारंवार घडते. हीटसिंक एका कोपऱ्यात केसभर उचललेला राहतो आणि त्या केसभर फटीत हवा शिरते. तांबे हवेच्या पंधरा हजार पट चांगले उष्णता वाहते, एवढ्यावरून त्या फटीची किंमत समजावी. पाय समोरासमोरचे, तिरपे दाबत जावेत आणि शेवटी मदरबोर्डच्या मागच्या बाजूने चारही टोके बाहेर आली का ते पाहावे. उन्हाळ्या-उन्हाळ्यांनी ठिसूळ झालेला पाय मोडतो तेव्हा तार किंवा नायलॉनची पट्टी बांधून वेळ मारून नेतात. ते पाहिले की मला त्या चिपची दया येते.

एएमडीच्या जुन्या एएम4 पर्यंतच्या प्रोसेसरांना वेगळी भीती आहे. पेस्ट वाळून गोंदासारखी झालेली असते. हीटसिंक सरळ वर ओढला की प्रोसेसर लॉकमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, बंद करून प्लग काढावा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळावा, सुटल्यावर उचलावा. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुस्तिकेची किंमत वसूल झाली असे समजा.

पेस्टबद्दल लोकांचा समज असा की जितकी जास्त तितके चांगले. खरे तर पेस्ट तांब्यापुढे फार सुमार वाहक आहे. तिचे काम दोन धातूंच्या मधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खड्ड्यांतली हवा हाकलणे, बस. वाटाण्याएवढा थेंब पुरतो, हीटसिंकच्या दाबाने तो आपोआप पसरतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढल्याशिवाय नवी लावू नये. टूथपेस्टचे प्रयोग ऐकले आहेत. पाणी वाळेपर्यंत ती चालते.

आता खुद्द पंख्याविषयी, कारण तोही कधीकधी खरोखर दोषी असतो. साध्या स्लीव्ह बेअरिंगचा पंखा म्हणजे तेलावर फिरणारा दांडा. उन्हाळ्यात तेल सुकते, धूळ आत जाते, घरघर सुरू होते, सकाळी पहिली पाच मिनिटे जास्त. मागचे स्टिकर उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला तर काही काळ तो शांत होतो. खोबरेल घालू नये, ते चिकट होऊन बसते. आणि हा उपाय नवा पंखा येईपर्यंतचाच समजावा. बॉल बेअरिंगचा पंखा थोडा महाग, आपल्या हवेत जास्त टिकतो. माझे मत विचाराल तर तोच घ्या.

चार तारांच्या पंख्यात एक तार जमिनीची, एक 12 व्होल्टची, तिसरी फेरे मोजून मदरबोर्डला कळवणारी आणि चौथी वेग ठरवणारी. दुकानात घाईत तीन किंवा दोनच तारांचा पंखा थेट एसएमपीएसला जोडून देतात. तो फिरतो, पण मदरबोर्डला त्याची खबर नसते. मग सुरू करताना पडद्यावर 'सीपीयू फॅन एरर' येते आणि दरवेळी एफ1 दाबावे लागते. यावर पुढचा इलाज म्हणून बायोसमध्ये जाऊन पंख्यावरची देखरेखच 'इग्नोर' करून ठेवतात. ग्राहक खूश. काही महिन्यांनी तो पंखा खरोखर थांबतो तेव्हा सांगणारे कोणी उरलेले नसते. तुमच्या मशीनमध्ये हे कोणी करून ठेवले आहे का, ते आजच पाहा. कंपन्यांमधून निवृत्त होऊन येणाऱ्या, 2020 च्या ऑनलाइन शाळेपासून इथे घरोघरी दिसू लागलेल्या डेल आणि एचपीच्या जुन्या मशीनना तर पंख्याचा जोडही बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला सर्वसाधारण पंखा त्यांना सरळ बसत नाही.

पंखा जोरात फिरवला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण पंख्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे 15 डेसिबलने चढतो. तुंबलेल्या पात्यांवर तर हवाही दुप्पट मिळत नाही, आवाज मात्र पूर्ण मिळतो. आणि एक कारण डब्याच्या आत मुळी नसतेच. काहीही चालू नसताना टास्क मॅनेजर प्रोसेसर 90-100 टक्के वापरात दाखवत असेल, तर फुकटात उतरवलेल्या गेमबरोबर आलेले, दुसऱ्यासाठी आभासी चलन खणणारे सॉफ्टवेअर आत बसलेले असू शकते. त्याला ब्रश आणि पेस्ट काय करणार? इथे, आणि फक्त इथे, "फॉरमॅट मारून टाका" हा सल्ला मला मान्य आहे.

भीतीचे प्रमाणही जरा ठीक करायला हवे. 2001 मध्ये 'टॉम्स हार्डवेअर'ने एक चित्रफीत दाखवली होती: चालू मशीनवरून हीटसिंक उचलला. पेंटियम 4 मंदावला पण चालत राहिला, पेंटियम 3 गोठला, आणि एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघून तो संपला. त्यानंतर सगळ्यांनीच चिपमध्ये स्वसंरक्षण घातले. आजचा प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग उतरवतो आणि मगच बंद पडतो. जळत सहसा नाही. म्हणून "मशीन स्लो झालंय" ही तक्रारदेखील पुष्कळदा उष्णतेचीच असते आणि तिच्यासाठी उगाच रॅम वाढवली जाते. झीज सोसतात ते आजूबाजूचे घटक. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांमागे साधारण निम्मे होते. 2000 नंतरच्या काही वर्षांतल्या मदरबोर्डांवर माथा फुगलेले कपॅसिटर दिसत, त्यांत मुळातला माल खराब होताच, उष्णतेने त्याला घाई केली.

उलट दिशेची सूचनाही द्यायला हवी. 2022 मध्ये आलेले एएमडीचे रायझन 7000 मालिकेतले प्रोसेसर पूर्ण भारावर 95 अंशांपर्यंत जाऊन तिथेच काम करतील असे मुद्दाम बनवलेले आहेत. त्याच वर्षीच्या इंटेलच्या सर्वांत मोठ्या प्रोसेसरला 253 वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे. अशा मशीनवर 90 चा आकडा पाहून घाबरून धावणाऱ्याला दुकानदार बिल देईल, दोष देऊ शकणार नाही. आपल्या प्रोसेसरची मर्यादा किती, हे आधी माहीत करून घ्यावे. पुस्तिकेतली 80-85 ची धोक्याची रेघ जुन्या, साध्या, घरगुती मशीनसाठी आहे.

एसएमपीएस उघडण्याविषयी या पुस्तिकेत एक अक्षर नाही आणि ते मुद्दाम. आपल्या 230 व्होल्टचे आत 320 व्होल्टच्या वर डीसी होते, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ दबा धरून असते. त्याचा पंखा अडला असेल तर बाहेरून ब्रश फिरवा, नाहीतर पूर्ण एसएमपीएस बदला. ब्लोअर मारताना कोणताही पंखा बोटाने धरून ठेवावा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने गरगरतो, बेअरिंग जाते, शिवाय उलटी वीज मदरबोर्डकडे ढकलली जाते. लॅपटॉप आणि पाण्याने थंड होणारी मशीन हे विषयही इथे घेतलेले नाहीत, त्यांची वाट वेगळी.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली पाहिजे असा आग्रह नाही. ज्यांचे मशीन सध्या चालू आहे त्यांनी साफसफाईच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि ते काम पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीच्या सफाईत एकदा करावे. मधला लगदा वाळण्याआधी निघतो, हे त्यामागचे कारण. ज्यांचे आत्ताच बंद पडले आहे त्यांनी निदानाचे प्रकरण उघडावे, पण बटण लगेच पुन्हा दाबू नये. अर्धा तास थांबून, मशीन गार झाल्यावर सुरू करावे आणि ते किती वेळाने बंद पडते ते घड्याळ लावून कागदावर लिहावे. त्या प्रकरणातला पहिला प्रश्न तोच आहे.